अहमदनगरची छावणी आणि वाशिमचा जन्मदाखला

‘पाकिझा’ १९७२ साली आला तेव्हा मी शाळेत होतो. अम्मीने टॉकीजमध्ये जाऊन पाहिलेले सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक. मोहल्ल्यातल्या चार-पाच बायका मिळून गेल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षे मीनाकुमारीचा विषय निघाला की अम्मी म्हणायची, “क्या रोशनी थी उसमें!” सिनेमातला उजेड कोणीतरी ठरवतो, त्याला कॅमेरामन म्हणतात, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

मलाही तो माणूस फार उशिरा कळला. त्याचे नाव जोसेफ वीरशिंग. जन्म १९०३, जर्मनीतले म्युनिक शहर. १९२५ च्या सुमारास ‘प्रेमसंन्यास’ या मूकपटासाठी तो पहिल्यांदा भारतात आला. १९३४ मध्ये हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली तेव्हा पुन्हा आला आणि इथलाच झाला. ‘अछूत कन्या’चा कॅमेरा त्याचा. मधुबालाचा ‘महल’ त्याचा. ‘पाकिझा’ही त्याचाच, तो पूर्ण होण्याआधीच, १९६७ साली, वीरशिंग मुंबईत वारले. कमाल अमरोहींच्या त्या दुनियेतली मेहराब, झुंबर आणि कोठ्यावरची रात्र आपल्याला दिसली ती म्युनिकच्या या माणसाच्या नजरेतून.

पण ‘अछूत कन्या’ १९३६ चा आणि ‘महल’ १९४९ चा. मधल्या काळात, युद्धाची सगळी वर्षे, वीरशिंग कोठे होते? तुरुंगात. अहमदनगरची छावणी, आणि नंतर इतर छावण्या. गुन्हा कोणता? कोणताच नाही. त्यांच्यावर खटला चालला नाही, कारण ज्या कायद्याखाली त्यांना धरले त्याला खटला लागतच नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हिंदुस्थानातला प्रत्येक जर्मन माणूस एका दिवसात ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ झाला. काल मालाडच्या स्टुडिओत लीला चिटणीस यांच्या ‘कंगन’चे शूटिंग चालू होते, आणि दिग्दर्शकासकट जर्मन मंडळी पोलिसांच्या गाडीत बसली.

हे सगळे आज वाशिममध्ये बसून का सांगतो आहे, तेही सांगतो. मी इतिहासाचा शिक्षक होतो. तीस वर्षे मुलांना दुसरे महायुद्ध शिकवले, पण आपल्या अहमदनगरमध्ये, देवळालीत, साताऱ्यात आणि पुरंदर किल्ल्यावर त्या युद्धाच्या छावण्या होत्या हे एकदाही शिकवले नाही. पुस्तकात नव्हते. आणि गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या खालांच्या हातात एक नोटीस आली, तेव्हा मला ही छावणी आठवली.

आधी छावणीबद्दल. तिच्यात कोण कोण होते हे पाहिले की ‘माणसाला जन्मावरून धरणे’ म्हणजे काय ते समजते.

‘कंगन’चे दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन हे खरोखरच नाझी पक्षाचे सभासद होते. १९३६ सालीच त्यांनी सभासदत्व घेतले होते. त्यांच्यावर नजर ठेवायला सरकारकडे कारण होते. पण ऑस्टेन साठी ओलांडलेले होते. वयामुळे त्यांना सोडले आणि १९४० मध्ये ते जर्मनीला परत गेले. आत राहिले कोण? छत्तिशीतले वीरशिंग. आणि हिटलरच्या भीतीने पळून आलेले यहूदी डॉक्टर, व्यापारी, कलावंत. ज्यांच्याकडे जर्मन किंवा ऑस्ट्रियन पासपोर्ट होता तेही ‘शत्रू’च. ज्यांनी त्यांना देशोधडीला लावले त्या नाझींचे समर्थक आणि ते स्वतः एकाच तारेच्या कुंपणात. न्यानपोनिक नावाचे बौद्ध भिक्खू होते. जर्मनीतल्या यहूदी घरात जन्मलेले. त्यांनी १९३९ मध्ये आपल्या आईला श्रीलंकेत आणले. तेही शत्रू ठरले आणि १९४६ पर्यंत डेहराडूनच्या छावणीत राहिले.

ब्रिटिश सरकारलाही ही विसंगती दिसत होती. म्हणून माल्कम डार्लिंग या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या हाताखाली एक चौकशी समिती नेमली. समितीने अहमदनगरला जाऊन माणसांना एकेक करून बोलावले, ऐकून घेतले. परिणाम काय झाला? बरेच लोक सुटले. नुसते विचारले, एवढ्यानेच सुटले! पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, १० जूनला इटली युद्धात उतरली, सरकार घाबरले, आणि सुटलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा आत घेतले. त्यांनी मधल्या काळात काही केले नव्हते. भीती वाढली होती, एवढेच.

इटली युद्धात उतरल्यावर मग जगभरातल्या इटालियन माणसांची पाळी आली. त्यांच्यातले बहुतेक साधे कामकरी होते. ब्रिटनमधले इटालियन म्हणजे हॉटेलातले वेटर, आइस्क्रीमवाले, छोट्या कॅफेचे मालक. त्यांना उचलून ‘अरँडोरा स्टार’ नावाच्या जहाजातून कॅनडाकडे पाठवले. २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. आठशेहून अधिक लोक बुडाले, त्यातले चारशेहून अधिक इटालियन. ऑस्ट्रेलियात तर मला आपलीच माणसे दिसतात. क्वीन्सलंडच्या उसाच्या फडात इटलीहून आलेले मजूर ऊसतोड करत होते, काहींनी कष्टाने स्वतःची शेती केली होती. ऑस्ट्रेलियात साडेचार हजारांवर इटालियन छावण्यांत गेले. उभा ऊस, घर, बायकामुले मागे. आमच्या मानोऱ्याच्या तांड्यांवरून जे लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, त्यांनी एक क्षण कल्पना करावी: फडावर पोलीस आले आणि म्हणाले, तुझे गाव शत्रूच्या मुलखात आहे, चल.

अमेरिकेत सहा लाख इटालियनांना ‘शत्रू परकीय’ ठरवून नोंदणी करायला लावली. जो डिमॅजिओ हा तिथला बेसबॉलचा लाडका खेळाडू. त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोत मासेमारी करत. त्यांना बंदरावर जायला बंदी झाली. मुलगा देशाचा हिरो आणि बाप देशाला धोका.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचे प्रकरण, इंग्रजांचा कायदा, आपला काय संबंध? संबंध त्याच अहमदनगरमध्ये आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ ठरावानंतर मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. खटला नाही, मुदत नाही. १९४५ पर्यंत ते आत होते. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात १९४३ मध्ये वारल्या तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. ‘गुबार-ए-खातिर’ इथलेच, नेहरूंचा ‘भारताचा शोध’ इथलाच. विनाचौकशी बंदिवास काय असतो हे या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार?

आणि तरीही २० वर्षांनी, १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा, नेहरूंच्याच सरकारने शिलाँग, दार्जिलिंग आणि आसाममधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना घरातून उचलून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत टाकले. इंग्रजांच्या काळात राजकीय कैद्यांना आणि नंतर जपानी नागरिकांना जिथे ठेवले होते तीच ही छावणी. सुतार, चांभारकाम करणारे, चहाच्या मळ्यातले कारागीर, लाँड्रीवाले, शाळकरी मुले, म्हाताऱ्या. अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. त्यासाठी जो कायदा केला त्यात आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही एक जण शत्रुदेशाचा असला तरी पुरे होते. म्हणजे तुम्ही भारतात जन्मला, भारताचे नागरिक आहात, तरी आजोबांचे गाव तुमच्यावर गुन्हा म्हणून लागू. शेवटचे लोक १९६७ मध्ये बाहेर आले. दोन हजारांवर लोक चीनला पाठवले गेले. कित्येकांच्या मालमत्तेचा लिलाव झाला. छावणीत जन्मलेली बाळे होती. त्यांच्यातल्याच एक जॉय मा यांनी दिलीप डिसोझा यांच्याबरोबर २०२० मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिले. मुंबईच्या मझगावमध्ये चिनी लोकांचे जुने मंदिर आजही उभे आहे, पण त्या वस्तीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत.

इथे मला आपल्या समाजाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मी स्वतःलाही विचारतो. मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांना पहिल्या महायुद्धात छिंदवाड्याला नजरकैदेत ठेवले होते. छिंदवाडा तेव्हा आपल्याच प्रांतात, मध्य प्रांत-वऱ्हाडात. तुर्कस्तानबद्दल सहानुभूती दाखवली एवढ्यासाठी, १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याखाली. ही गोष्ट आपल्या घरोघरी माहीत आहे. आम्ही ती अभिमानाने सांगतो. देवळीची गोष्ट आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९६२ मध्ये किती मुस्लिम संघटनांनी, किती उर्दू-मराठी वृत्तपत्रांनी त्या चिनी सुतारांच्या बाजूने आवाज उठवला? आपल्यावर आले की हक्क, दुसऱ्यावर आले की ‘सरकारला काहीतरी माहीत असेल’. ही सवय सगळ्याच समाजांना आहे. पण ज्यांच्या दारावर ही थाप वारंवार पडते त्यांनी तरी ती सोडायला हवी होती.

आता खालांची नोटीस.

खाला सत्तरीच्या पुढच्या. जन्म रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात, घरी, दाईच्या हाताने. शाळा नाही, त्यामुळे टी.सी. नाही. कोतवाल नक्कल काढायला गेलो तर त्या वर्षाचे पान फाटलेले. उमऱ्याला जायचे म्हणून पासपोर्ट हवा होता, म्हणून उशिराचा जन्मदाखला काढला. रीतसर अर्ज, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, फी. दाखला मिळाला तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले होते. वर्षभरात नोटीस: दाखला रद्द करण्यात येत आहे, मूळ प्रत जमा करावी. मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारले, “इथलेच ना तुम्ही?” खाला बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बेटा, जिस दाई ने पैदा किया वो भी मर गई. अब गवाह किसकू लाऊँ?”

झाले असे होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीचा आदेश पूर्वी न्यायदंडाधिकारी देत, तो अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे आला. मग आरोप झाला की मालेगाव, अकोला, अमरावती अशा ठिकाणी बांगलादेशींनी असे दाखले मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पुढे नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश अधिकाराबाहेरचे म्हणून रद्द करण्याच्या सूचना निघाल्या. म्हणजे चूक कोणाची? सही करणाऱ्याला अधिकार नव्हता, ही चूक शासनाची. शिक्षा कोणाला? अर्जदाराला. आणि दाखल्याबरोबर संशयही घरी येतो. किराणा दुकानदार विचारतो, “काय झालं हो, तुमचे कागद खोटे निघाले म्हणे?”

मी सरसकट विरोध करत नाही. कोणी खोटी कागदपत्रे दिली असतील तर त्याच्यावर खटला चालवा, दलालाला आधी धरा, पैसे खाणाऱ्याला त्याच्याबरोबर. देशाला आपली सीमा राखण्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. १९३९ मध्येसुद्धा धोका काल्पनिक नव्हता. फ्रांझ ऑस्टेन खरेच नाझी होते. पण गठ्ठ्याने माणसे धरली की काय होते ते अहमदनगरने दाखवले: नाझी सुटून घरी गेला आणि नाझींपासून पळालेला आत राहिला. गठ्ठ्याने केलेली कारवाई अन्यायी तर असतेच, ती निकामीही असते. खरा गुन्हेगार गर्दीत लपतो आणि खाला पायरीवर बसतात.

आणि ही केवळ कागदाची गोष्ट राहत नाही. जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. तो भारतीय असल्याचे मान्य झाल्यावर परत आणावे लागले. बोली बंगाली, नाव मुस्लिम, काम मजुरीचे. त्याच्या घरच्यांकडे कागद होते, गावची पंचायत धावली, म्हणून तो परतला. ज्यांच्यासाठी कोणी धावत नाही त्यांचे काय?

या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातले एक वाक्य आहे. नेहमीच्या फौजदारी खटल्यात गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. पण युद्धकाळातल्या तात्पुरत्या कायद्याच्या जागी १९४६ मध्ये जो परकीय नागरिक कायदा आला, त्यात ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकली. युद्ध संपून ८० वर्षे झाली. तो कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. जबाबदारी मात्र तिथेच राहिली. घरी जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या बाईने स्वतःचा जन्म सिद्ध करायचा. यात फक्त मुसलमान नाहीत. तांड्यावरचे बंजारा, बेड्यावरचे पारधी, गावकुसाबाहेरची दलित कुटुंबे, नवऱ्याच्या गावी आल्यावर जिचे माहेरचे नावच पुसले गेले अशी कोणत्याही धर्माची बाई, सगळेच यात येतात.

उपाय नवा शोधायचा नाही. तो डार्लिंग समितीनेच दाखवला होता: माणसाला एकेकटे बोलवा आणि ऐका. आपल्याकडचेही उदाहरण आहे. २०२० मध्ये करोनाच्या काळात तबलीगी जमातीला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले, तेही नेमके अहमदनगर जिल्ह्यात. तेव्हाही ‘युद्ध’ हाच शब्द टीव्हीवर होता आणि शत्रू कोण हे ठरलेले होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेले. न्यायालयाने पुरावा पाहिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यताही बोलून दाखवली. १९३९ च्या अहमदनगरात आणि २०२० च्या अहमदनगरात फरक काय? दुसऱ्या वेळी दार ठोठवायला एक न्यायालय होते आणि राज्यघटनेचे अनुच्छेद १४ आणि २१ ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणतात. हा फरक ही आपली कमाई आहे. मात्र त्याच घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये ‘शत्रू परकीय’ माणसाला अटकेची कारणे कळण्याचा, वकील मिळण्याचा हक्क नाकारला आहे, हेही लक्षात ठेवावे. म्हणून कोणाला ‘शत्रू’ म्हणायचे हा शब्द टीव्हीवरच्या अँकरच्या हाती जाऊ देता कामा नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्यांचे दाखले केवळ सहीच्या अधिकारामुळे रद्द झाले त्यांना शासनाने स्वतःहून, विनाशुल्क, ठरावीक मुदतीत नवा दाखला द्यावा आणि नोटिशीत ‘अर्जदाराची चूक नाही’ हे स्पष्ट लिहावे. संशय असेल तर लेखी कारण द्यावे आणि सुनावणी झाल्याशिवाय काहीही रद्द करू नये. आणि आपल्या बाजूने: प्रत्येक मशीद कमिटीने, प्रत्येक मंडळाने आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांसाठी टेबल लावावे, शेजारच्या तांड्यासाठीही. घरातल्या बाळाची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. आणि दलालाला दोन हजार देऊन ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी कोणी लागू नये. एका खोट्या कागदामुळे शंभर खऱ्या कागदांवर संशय येतो.

शेवटी देवळीबद्दल. अमेरिकेने १९८८ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागितली आणि भरपाई दिली. २००० मध्ये इटालियनांवरचा अन्याय कायदा करून मान्य केला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०२१ मध्ये संसदेत इटालियनांची माफी मागितली. भारताने देवळीच्या लोकांची अजून मागितलेली नाही. ती मागावी, ही मागणी आपण करावी असे मला वाटते. त्यात आपला काही फायदा नाही, म्हणूनच करावी.

खालांच्या नव्या अर्जाची पावती माझ्याकडे आहे. पुढची तारीख सोमवारची. साक्षीदार म्हणून त्यांच्या गावचे एक पाटील येणार आहेत, वय ८४. काल फोनवर ते म्हणाले, “गुरुजी, मी येतोच. पण माझाही दाखला नाही बरं का.”